नकाशाला हात लावायचा नाही

कॉम्प्युटर बसवणारी चार माणसं चहाला जमली, की किस्से निघतातच. आमच्या नगरच्या दुकानात तर नव्वदच्या दशकातले नुसते घड्याळाचेच ढीगभर साठलेत. पूर्वी सांगताना हसू आवरायचं नाही. हल्ली तितकं येत नाही.

अकोले तालुक्यातल्या एका शाळेत मशीनमधली छोटी बॅटरी संपली. ती संपली की तारीख थेट १९८० वर जाते. निकाल तसाच छापला गेला. हेडमास्तर हादरले, "अहो, त्या साली ही पोरं जन्मली तरी हुती का!"

एका वकिलांनी मात्र तीच बॅटरी बदलू दिली नाही. "असू द्या हो, मागची तारीख कधीमधी कामाला येते!"

कोल्हारच्या एका दवाखान्यात नवी विंडोज टाकली. आधी घड्याळ लावलं, मग कुठल्या देशाची वेळ धरायची त्या झोनच्या नकाशात अमेरिका होती तिथे भारत निवडला. सकाळच्या अकराचे एकदम रात्रीचे साडेबारा! कंपाउंडर म्हणाला, "डॉक्टर, शटर वढू का?"

तेव्हापासून आमचे मालक पठारे यांचा हुकूम सुटला, "नकाशाला हात लावायचा नाही. घड्याळ हातानं लावा आन् निघा."

आम्ही तसंच करत राहिलो. अमेरिकेत एप्रिलमध्ये घड्याळं तासभर पुढे करतात, आणि झोन तिकडचाच राहिला तर आपलं मशीनही एका रविवारी मुकाट्यानं पुढे जातं, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी एका साखर कारखान्यात रंगनाथ नावाचा कामगार ऊस वाहणाऱ्या पट्ट्यात सापडून गेला. पाळी चारला सुटायची. हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसात आम्हीच बसवलेल्या कॉम्प्युटरनं अपघाताची वेळ टाकली साडेचार. तो ड्युटीवर असताना गेला असं ठरलं, तरच त्याच्या बायकोला, ताराबाईंना, नोकरी मिळणार होती. पदरात दोन लहान मुली. फार वाईट वाटायचं त्यांच्याकडे बघून.

चौकशीत त्या म्हणाल्या, "आमी कॉलनीत ऱ्हातो, सायेब. मला सांगावा आला, त्याच्यानंतर चारचा भोंगा झाला." बरोबरचे कामगारही तेच बोलले.

चौकशी करणारे साहेब म्हणाले, "माणसं आपल्या माणसाकडून बोलतात, बाई. मशीन कुणाच्या बाजूचं नसतं."

मशीन ठीक आहे, एवढंच सांगायला पठारेंना बोलावलं होतं; मीही बरोबर होतो. आदल्या दिवशी मशीन तपासताना त्यांना सगळा घोळ कळला होता. कारखाना आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. चूक कबूल केली की ते हातचं जाणार. मला वाटलं, पठारे गप्प बसतील.

ते उठले. ताराबाईंकडे त्यांनी बघितलं नाही.

"साहेब, माणूस पाळीतच मेला. तास आम्ही खाल्ला."