एक जूनची माणसं

आमच्या वर्तमानपत्राचे मुद्रितशोधक दामूअण्णा ३१ मे रोजी निवृत्त झाले. कागदोपत्री त्यांचा जन्म १ जूनचा. कचेरीत त्याच तारखेचे आणखी तिघे आहेत.

पूर्वी शाळेत नाव घालताना आईवडिलांना मुलाची जन्मतारीख सांगता येत नसे. शाळा जूनमध्ये उघडायची, म्हणून गुरुजी अंदाजाने साल धरून १ जून लिहून मोकळे होत. एका पिढीतली कितीतरी माणसं अशी एकाच दिवशी जन्मली.

दामूअण्णा रोज ‘दिनविशेष’ तपासायचे. थोरामोठ्यांची जन्मतारीख दोन ठिकाणी पडताळल्याशिवाय सोडायचे नाहीत. शंका आली की समासात प्रश्नचिन्ह.

शेवटच्या दुपारी त्यांनी मला विचारलं, “माझी खरी तारीख निघेल का हो? आई म्हणायची, वसुबारसेला झालास. गाईची पूजा अर्धी टाकून ती आत गेली होती.”

“साल कोणतं?”

“मावशीचं लग्न झालं ते.”

“ते कधी झालं?”

“मी झालो त्या साली,” म्हणाले आणि स्वतःच हसले.

जुनी पंचांगं काढली. वसुबारस दर वर्षी वेगळ्या तारखेला, कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात. साल कळल्याशिवाय तारीख निघेना. जूनमध्ये मात्र ती एकदाही नव्हती.

संध्याकाळी निरोपाचं मानपत्र वाचून झालं. त्यात जन्मतारीख छापली होती. दामूअण्णांनी खिशातलं पेन काढलं आणि तिच्यासमोर समासात प्रश्नचिन्ह केलं.