मुरणीची खडशी

माझ्या थोरल्या जावेचे उपकार आधी सांगून टाकते. एकदा हकीकत सुरू झाली की माझा हेवाच पुढं पुढं करील आणि तिचं चांगलेपण मागं राहून जाईल. मी आज या गावात नांदते आहे ती तिच्यामुळं. उपकार खरे आणि हेवाही खरा, आणि दोन्ही एकाच बाईचे, म्हणून लिहिताना जरा अडखळायला होतं.

मी घाटावरची, दौंडाच्याही पलीकडची. वडील आगगाडीच्या रस्त्यावर मुकादम होते. खंडाळ्याच्या घाटात दरड काढण्याच्या कामावर त्यांची माझ्या सासऱ्यांशी ओळख झाली आणि त्या ओळखीवर माझं लग्न ठरलं. शाळेत माझं दुसरं पुस्तक अर्ध्यावर होतं, ते तसंच मिटलं. गाडी घाट उतरून कर्जतला आली तेव्हा मी विचारलं की आमच्याकडची ज्वारी इथं कुठं दिसत नाही, तर बरोबरची माणसं हसली. भाताच्या मुलखात मी ज्वारी शोधत होते.

कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या डोंगरातून येणारी नदी आमच्या गावाशी वळण घेते. वळणावर खोल डोह आहे. पूर्वी लग्नसराई आली की लोक कुंभ्याची साल नाहीतर गेळाची फळं ठेचून डोहात टाकत. मासे भुलून वर तरंगत आणि जेवणावळीची सोय होई. पण त्यात पिलंसुद्धा मरत, खालच्या गावांना तेच पाणी प्यावं लागे, आणि पुढं पुढं तर जाळ्यात बोटभर मासाही येईना. तेव्हा गावातल्या जुन्या बायांनी एक रीत घालून दिली. नवी सून आली की मांडव उतरायच्या आधी तिच्या हातानं एक खडशी डोहात सोडायची, आणि सोडण्यापूर्वी तिच्या शेपटीच्या पंखात बारीक मुरणी, नाकात घालतात तसली कडी, घालायची. खडशी म्हणजे मोठ्या खवल्यांचा, सोनेरी अंगाचा मासा. त्या दिवसापासून ती खडशी म्हणजे ती सून. मी सासूबाईंना विचारलं होतं की यानं विष कसं थांबलं. त्या म्हणाल्या, "आपल्या घरच्या सुनंला कोण विष घालंल, बाय?"

आणि खरोखर कुणी घालीत नसे. उन्हाळ्यात बाया पाळीपाळीनं डोहावर बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवत.

माझ्या खडशीला पितळेची साधी तार वाकवून घातली होती. जाऊबाईंच्या खडशीची मुरणी त्यांच्या बापानं घडवून आणलेली, तिला लाल मणी होता, तो काठावरूनही दिसे. जाऊबाई याच नदीवरच्या, वरच्या अंगाच्या गावातल्या. पाण्यात पोहत वाढलेल्या. त्या गुडघाभर पाण्यात उभ्या राहत, हात पाण्याखाली घालून बांगड्या एकमेकींवर वाजवत, की खालून सावलीसारखं काहीतरी वर येई, लाल मणी चमके आणि त्यांच्या तळहातावरची शितं खाऊन ती खडशी त्यांच्या पोटऱ्यांना घासून जाई. बघणाऱ्या बाया म्हणत, "माह्यारचं माणूस आलं गं तुला भेटाया."

मीही बांगड्या वाजवून बघितल्या. काठावर कुणी नसताना तर पुष्कळदा. मला पाण्याची भीती होती, तरी घोट्याइतक्या पाण्यात उभी राहून मी हात बुडवी. शितं विरघळून जात. माझी खडशी सोडल्या दिवसापासून पुन्हा कुणाला दिसली नव्हती.

हेवा कसा असतो ते मला तिथं कळलं. जाऊबाईंनी भाकरी चांगली थापली, त्यांचा मुलगा गुणी निघाला, सासूबाई त्यांच्याशी हसून बोलल्या, याचं मला एवढं वाटत नसे. पण तो मासा. त्या मुक्या जीवाला काय कळत होतं की ही इथली आणि मी परकी? तरी तो त्यांच्याकडे जाई. रात्री पडल्या पडल्या मी मनात म्हणे, एखाद्या पुरात ती लाल मण्याची वाहून जावी. मग भीती वाटे, कारण ती खडशी म्हणजे जाऊबाईच की.

वर्षं सरली आणि माझी कूसही रिकामी राहिली. सासूबाईंच्या बोलण्यात ते दोन्ही एकत्र यायला लागलं. जिची मासळी दिसंना, तिचं मन गावात रुजलं नाय, असं जुन्या बाया मानत. पुढं एका वर्षी पाऊस लवकर उघडला. होळीच्या आधीच डोहाचा तळ दिसू लागला, पाण्याला शेवाळाचा वास यायला लागला. गावानं ठरवलं की खडश्या भिसेगावच्या अंगाला असलेल्या खालच्या डोहात न्यायच्या, तिथं पाणी वैशाखातही टिकतं. तिथल्या लोकांकडे जाऊन आमची माणसं बसली. ते आधी कुरकुरले, की तुमचे मासे आमी का राखायचे. शेवटी त्यांचा एक म्हातारा म्हणाला, "बरं रं, सुना तुमच्या, पाहुणचार आमचा," आणि दोन्ही गावांनी मिळून पाळी धरायचं कबूल झालं. एकच अट, आपापली मासळी आपण आणायची.

आदल्या दिवशी मी गोठ्यात शेण काढत होते. जाऊबाई जवळ येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या की उद्या तुझी मासळी नाय निघाली तर सासूबाई तुझ्या बापाला सांगावा धाडणार हाईत, काही दिवस न्या म्हणून. काही दिवस म्हणजे काय, ते मला माहीत होतं. आमच्या आळीतली एक मुलगी अशीच काही दिवसांसाठी माहेरी आलेली होती. ती म्हातारी झाली तरी परत गेली नाही.

सकाळी सगळं गाव डोहावर. पुरुषांनी जुनी लुगडी जोडून एक लांब पडदा केला होता. तो धरून ते एका अंगानं सावकाश पुढं सरकत होते, म्हणजे मासे दुसऱ्या टोकाच्या उथळ पाण्यात गोळा होतील. बाया मडकी घेऊन रांगेत. मी माहेरची तांब्याची कळशी चिंचेनं घासून लखलखीत करून आणली होती. जाऊबाईंनी ती बघितली आणि माझ्या हातातून काढून घेतली. तांब्यात मासळी तगत नाय, म्हणाल्या, आणि त्यांचं एक जादा मडकं मला दिलं. म्हणजे मडकंही त्यांचंच.

एकेक खडशी निघू लागली. कुणाच्या मुरणीला पीळ, कुणाची चपटी, प्रत्येकीला आपली ओळखू येई. बाया हसत होत्या, एकमेकींना टोमणे मारत होत्या. एकीची खडशी भलतीच गुबगुबीत निघाली, तर दुसरी म्हणाली, "सासूला वाळवलंस नि हिला पोसलंस व्हय गं?" जाऊबाईंची लाल मण्याची तर त्यांनी वाकायच्या आधीच हातात आली.

पडदा काठाला लागला. पाण्यात उरली ती बारीक पिलं. माझं मडकं रिकामं होतं.

सासूबाई माझ्याकडे बघत नव्हत्या, तेच जास्त वाईट होतं. मला वाटलं, आता ही सगळी मडकी चालू लागतील आणि मी तेवढी इथं उभी राहीन.

तेवढ्यात जाऊबाई माझ्यापाशी आल्या आणि त्यांनी आपलं मडकं माझ्या मडक्यात उपडं केलं. पाणी माझ्या छातीपर्यंत उडालं. लाल मण्याची खडशी माझ्या मडक्यात फिरू लागली.

"ही हिची," त्या म्हणाल्या.

एक म्हातारी पुढं झाली. "अगं, मुरणी तर तुजी हाय."

"मुरणी माजीच. गेल्या साली हिची तार सुटाया आली हुती, तवा माजी काढून हिला घातली. मासळी हिची."

"मंग तुजी कुठं?"

"असंल नदीत. मला काय, हाक मारली का येती."

हे खोटं आहे हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. पण माशांना हाक मारणारी बाईच ते सांगत होती, तिला खोटं कोण पाडणार. म्हातारीनं सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी पदर सावरला आणि म्हणाल्या, चला, ऊन चढतंय. आम्ही नदीच्या काठाकाठानं खालच्या डोहावर गेलो. मी मडकं दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं. आत ती धडका देत होती.

त्या वाटेवर मला आनंद व्हायला हवा होता. भीती गेली होती, ते खरं. पण मनात घोळत होतं ते जाऊबाईंचं शेवटचं वाक्य. आपली खडशी देऊन टाकून ही बाई रिकाम्या मडक्यानं चालली आहे आणि हिला कुणी माहेरी पाठवणार नाही. नदी हिची आहे, म्हणून हिला देता येतं. माझ्याकडे देण्यासारखं काय होतं? तिच्या खडशीपेक्षा मला तिच्या रिकाम्या मडक्याचाच हेवा वाटला.

दोन्ही गावांनी पाळी नीट सांभाळली आणि खडश्या जगल्या. पावसाळ्यात पाणी चढलं तशा त्या वर आपल्या डोहात परतल्या. सांगावा गेला नाही. पुढं माझीही ओटी भरली. लाल मण्याची आता माझी म्हणवते. पण मी बांगड्या वाजवल्या तर ती येत नसे. जाऊबाईंनी वाजवल्या की येई. त्या मला हाताला धरून पाण्यात ओढत आणि म्हणत, "ये गं, तुजीच हाय." माझ्या तळहातावरची शितं ती खाई खरी, पण अंग घासून जाई ते त्यांच्याच पायांना.

आता जाऊबाई मुंबईला आहेत, गिरणीत लागलेल्या मुलाकडे. तिथं नळाला रांग लागते म्हणतात, नदी नाही. मी डोहावर एकटी जाते. परवा कमरेइतक्या पाण्यात उभी राहून बांगड्या वाजवल्या. लाल मणी वर आला, जरा थांबला, आणि माझ्या मागं कुणी आहे का हे बघितल्यासारखा वळून गेला. इतक्या वर्षांनीही मला राग आला.

त्यांच्या मुलाचं लग्न यंदा ठरायचं आहे. सून आली की तिला इथं डोहावर आणायची, असं मी त्यांना कळवलं आहे. तिची खडशी मी धरीन, मुरणी मी घालीन. आणि त्याच दिवशी सगळ्या गावासमोर लाल मण्याची ज्यांची त्यांना परत करीन. मुंबईहून त्या आल्या की आधी त्यांनाच पाण्यात उतरवीन आणि मी काठावर उभी राहीन, रिकामं मडकं घेऊन.