रूथकाकूंचा हॉर्न

एअर फोर्सने मला नॉर्थ डकोटात पाठवलं, तेव्हा आईने एडिसनच्या आमच्या घरून फोन केला. "तिथे आहे तरी काय?"

"गवत," मी म्हणालो.

"आणि?"

"अजून गवत."

ऐंशीचं दशक होतं. गवताखाली मिसाइल्स होती आणि आम्ही त्यांचे रखवालदार. आमच्या वाट्याची टाउनशिप म्हणजे सहा मैलांचा चौकोन. त्यात एक चर्च, धान्याचं एक उंच कोठार आणि हाकेच्या पलीकडे एकेक घर. रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ. समोरून येणारा शेतकरी स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचा, एवढाच नमस्कार. माझा सार्जंट डॉयल फ्लोरिडाचा. तो खिडकीतून अख्खा हात बाहेर काढून हलवायचा. उन्हाळ्यात वाऱ्याने गवत डोलू लागलं की सगळी टाउनशिप हळूहळू कुठेतरी निघाल्यासारखी वाटायची. ट्रक थांबवून आम्ही बघत बसायचो. मला ती जागा फार आवडली होती.

एका घरी रूथ नावाच्या बाई आम्हाला कॉफी द्यायच्या. मनातल्या मनात मी त्यांना रूथकाकू म्हणायचो.

जानेवारीत भरदुपारी बर्फाच्या वादळाने आम्हाला गाठलं. ट्रक चरात गेला. काचेबाहेर सगळं पांढरं. वर-खाली काही कळेना. इतक्यात हॉर्न ऐकू आला. थांबून थांबून, पुन्हा पुन्हा.

डॉयलने रेडिओ उचलला. "कंट्रोल, जवळच कुणीतरी हॉर्न वाजवतंय. मदत हवी असणार."

"निगेटिव्ह. ट्रक सोडू नका."

त्याने कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली.

"सार्ज, ऑर्डर आहे," मी म्हणालो.

"कुणीतरी मरतंय तिथे. तू रेडिओ सांभाळ."

तो आवाजाच्या रोखाने गेला. थोड्या वेळाने तो हॉर्न थांबला. मग मी आमचा वाजवत राहिलो. वाऱ्याने तो आवाज कुठे नेला, कुणास ठाऊक.

सकाळी डॉयल रूथकाकूंच्या कुंपणापाशी सापडला, गोठून गेलेला.

तिथली रीत आम्हाला कुणी सांगितली नव्हती. वादळात घरचं माणूस बाहेर असेल तर अंगणातल्या गाडीचा हॉर्न वाजवत राहायचं, म्हणजे आवाज धरून ते घर गाठतं. काकूंचा नवरा गोठ्याकडून परतताना वाट चुकला होता. तो घरात आला आणि त्यांनी हॉर्न थांबवला. आणखी कुणी त्या आवाजाकडे चालत येतंय, हे त्यांना कसं कळणार? तुमची यात चूक नाही, असं मी त्यांना अनेकदा सांगितलं. त्या माझ्या कपात आणखी कॉफी ओतायच्या.

पुढच्या हिवाळ्यात वादळामुळे मी त्यांच्याच घरी अडकलो होतो. चुलीवर सूप होतं, खिडक्या पांढऱ्या झाल्या होत्या. काकूंनी कोट चढवला आणि अंगणातल्या गाडीत जाऊन बसल्या. हॉर्न सुरू झाला. बऱ्याच वेळाने नवऱ्याने दार उघडून हाक मारली, "रूथ, आत ये. सगळे घरी आहेत."

"सार्जंट यायचाय अजून," त्या म्हणाल्या.

मी कोट घातला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. वादळ थांबेपर्यंत आम्ही पाळीपाळीने हॉर्न वाजवला.