बारीक झालेलं जांभूळ
वसईजवळ उमेळ्यात आमची सोसायटी उभी राहिली ती भातशेतीवर. बिल्डरने बांधावरचं एक जांभळाचं झाड तेवढं राखलं आणि जाहिरातीत त्याचा उल्लेख ‘वनराई’ असा केला.

मी शाळेत विज्ञान शिकवते. म्हणून एका मंडळाने ‘हरित सोसायटी’ स्पर्धा काढली तेव्हा झाडं मोजायचं काम कमिटीने माझ्यावर टाकलं. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजायचा आणि वर्षभराने पुन्हा मोजून वाढ दाखवायची. कोणाच्या छातीच्या, यावर सभेत पाऊण तास गेला, कारण सेक्रेटरी उंच आणि अध्यक्ष बुटके. जमिनीपासून साडेचार फूट, असा नियमच आहे हे मी सांगितलं, तेव्हा दोघेही जरा हिरमुसले. नंतर लावलेली धरून झाडं अकरा भरली. आकडा फार कमी वाटतो म्हणून अध्यक्षांनी कुंड्यांतली तुळसही धरायला सुचवलं.

दुसऱ्या वर्षी टेप घेऊन गेले, तर जांभळाचा घेर चार बोटं कमी भरला. तीनदा मोजला. सेक्रेटरी म्हणाले, टेप ताणला असेल, झाडं काही डाएट करत नाहीत. मग लक्षात आलं. मधल्या काळात सोसायटीने सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवले होते, खोडाला पार खेटून, खाली सिमेंट ओतून. जमीन वर आली होती आणि माझे साडेचार फूट खोडाच्या बारीक भागावर जात होते. मग थोडं खाली मोजा, असा सल्ला मिळाला.

पण मी वर पाहिलं. ऐन पावसाळ्यात शेंड्याच्या फांद्या वाळल्या होत्या. वर्षभर त्या झाडाखालून जात होते आणि मान वर केली नव्हती, याची लाज वाटली.

आमच्या गेटवर एक म्हातारी भाजी विकायला बसते. ही शेती तिच्या सासऱ्यांची. मी तिला आत नेलं. खोडाशी सिमेंटवर हात फिरवत ती म्हणाली, “बाय, पानी जानार कुठून? गळा आवळलाय याचा.”

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून ती पहार घेऊनच आली. आम्ही दोघींनी खोडाभोवतीचे ब्लॉक उचकटले, सिमेंट फोडलं. वॉचमनने खुर्ची फिरवून रस्त्याकडे तोंड केलं. दुपारपर्यंत माझ्या हातांना फोड आले होते. तिच्या नाही.

सोमवारी मला नोटीस आली, सामाईक मालमत्तेचं नुकसान केल्याची. मी उत्तरात नवं मोजमाप जोडलं. मूळ मातीपासून मोजल्यावर घेर दोन बोटं वाढला होता. सेक्रेटरींनी तो आकडा लगेच मंडळाला कळवला, सोबत उघड्या मातीचा फोटो आणि खाली ओळ: ‘सोसायटीचा अभिनव उपक्रम’. आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. बक्षीस म्हणून आलेलं रोप लावायला मोकळी माती नव्हती, म्हणून ते लिफ्टशेजारी प्लास्टिकच्या कुंडीत आहे.

म्हातारी समारंभाला आली नाही. मी दोनदा बोलावलं. भाजी कोण विकेल, म्हणाली.

वाळलेल्या फांद्या पुन्हा फुटल्या नाहीत. बाकीचं झाड मात्र वाचलं आणि उन्हाळ्यात लगडलं. गाडीवर जांभळाचे डाग पडतात, अशी पहिली लेखी तक्रार अध्यक्षांनी केली.