कानातला समुद्र

समुद्रापासून सगळ्यात लांबचं गाव कोणतं, असं विचाराल तर मी बेधडक पांढुर्णा सांगीन. अशा गावात बसून मी, लग्नाच्या वरातीतला बँडमास्तर, मारुतीच्या समुद्रउड्डाणावर अख्ख्या ऑर्केस्ट्राची रचना करायला घेतली होती. हनुमान जयंतीला ती सौसरकडच्या देवळात, मारुतीच्या आडव्या निजलेल्या मूर्तीपुढं वाजायची होती. लाटा अशा बांधल्या होत्या की तालमीच्या वेळी शेजारची म्हैस उभ्या जागी पोहायला लागे.

मग ताप आला. गेला, पण उजव्या कानात घोंघावणं ठेवून गेला. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, हे आता सोबतच राहील. मला सूर लागेना. "मास्तर, तुमी वरच्या पट्टीत चालून राह्यले," क्लॅरिनेटवाला गणपत एकदा हळूच म्हणाला. जन्मात मला कोणी बेसूर म्हटलं नव्हतं, बायको सोडून.

रचना गणपतच्या हाती सोपवायची ठरवून मी देवळात गेलो. भर दुपार, सभामंडपात सुस्त गारवा. 'देवा, एवढा सागर पार केलास, माझ्या कानातला थेंबभर काढून घे.' मनात म्हणालो असं मला वाटलं. पण कान गेलेला माणूस मनातही ओरडतो.

शेजारी एक अनोळखी म्हातारी संत्रं सोलत होती. "काहून रडून राह्यला बाप्पा? त्यानं तरी समुद्र कुठी आटवला? ओलांडलाच ना!" म्हणाली आणि अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं.

फोड तोंडात धरून मी डोळे मिटले. पहिल्यांदाच त्या आवाजाशी भांडलो नाही. तो खाली पसरत गेला, तंबोऱ्यासारखा, अथांग. त्यावरून क्लॅरिनेट तरंगत निघालं, पाण्यातून डोंगर वर यावा तसा ट्रम्पेट उठला. किती वेळ गेला कोण जाणे. डोळे उघडले तर म्हातारी नव्हती. सालं तेवढी होती.

जयंतीला सगळ्या वाद्यांना पहिला सूर मी माझ्या कानातून काढून दिला. उड्डाणाचा भाग वाजताना मारुतीनं कूस बदलली, शपथेवर सांगतो. बायको म्हणते, समई हलली. बरं, समई.

कान अजून घोंघावतो. काढून घे म्हणायचं मी सोडलंय. पहाटे हात जोडतो आणि पेटीवर तोच सूर धरतो.