टॅन्सीचा पांढरा पाय

लेफ पर्डम वेंडेल क्रेकला रोज शिव्या द्यायचा आणि रोज त्याच्याच गाडीत बसून कामाला जायचा. हॉलिवूडमध्ये गॉवर नावाच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर औषधाचं एक दुकान होतं. सकाळी सातच्या आत तिथे पन्नास-साठ माणसं आपापल्या टोप्या आणि बूट घालून उभी राहत. ही गुरं राखलेली खरी माणसं होती. कुरणं विकली गेली, जनावरं गेली, आता पडद्यावर घोड्यावरून पडायचं काम उरलं होतं. क्रेक गाडीतूनच बोट दाखवायचा, "तू, तू आणि तो म्हातारा." म्हातारा म्हणजे लेफ. वय बावन्न.

क्रेकची कंपनी सहा दिवसांत चित्रपट उरकायची. तेच खडक, तेच दरोडेखोर, आणि हिरोच्या अंगात तोच काळा, पांढऱ्या गोटाचा सदरा. चौथ्या रिळात हिरोच्या घोडीला गोळी लागायची, ती कोलांटी खाऊन वाळूत आपटायची, आणि पाचव्या रिळात तीच घोडी टवटवीत होऊन हिरोला घेऊन पळायची. शनिवारी दुपारी थिएटरात बसलेल्या पोरांना ते चालायचं. मग क्रेकला न चालायला काय झालं!

ते पडणं एकदाच चित्रित झालं होतं, सहा वर्षांपूर्वी. तोच तुकडा आजवर चौदा चित्रपटांत डकवला गेला. सदरा बदलायचा नाही तो त्या तुकड्यामुळेच. त्यातली घोडी लेफची होती. टॅन्सी तिचं नाव, तांबडी, पुढचा डावा पाय तेवढा गुडघ्यापर्यंत पांढरा. वायोमिंगहून त्यानं आणलेली तेवढी एकच चीज. घोडा पाडायची रीत अशी: वाळूत खुंटा पुरायचा, त्याला लांब तार, तारेचं दुसरं टोक घोड्याच्या पुढच्या पायांना. भरधाव घोडा तार संपली की तोंडावर उलटतो. "वाळू मऊ आहे, काही होत नाही," असं क्रेक म्हणाला होता. पायांना पट्टे लेफनं स्वतःच्या हातांनी बांधले होते. हिरोचा सदरा घालून तिच्यावर बसलेलाही तोच होता. तो उठला, ती उठली नाही. मान मोडली होती. चित्रपट जोडणाऱ्या कात्रीवाल्यानं तुकडा नेमका तिथेच तोडला.

या चौदांपैकी एकही चित्रपट लेफनं पाहिला नव्हता. तरी दर शनिवारी कुठल्यातरी गावात टॅन्सी पुन्हा मरते आहे हे त्याला ठाऊक होतं, आणि ते त्याला सोसत नव्हतं. तो तुकडा कायमचा कचऱ्यात जावा, एवढंच त्याला आयुष्याकडून हवं होतं.

टॅन्सीच्या जागी आजवर वापरलेली तिच्यासारखी घोडी थकली, म्हणून पंधराव्या चित्रपटाला हिरोचा घोडा नवा आला. बस्टर नावाचा, तांबडा, चार वर्षांचा, चारी पाय तांबडे. क्रेकनं कॅनव्हासच्या बुटांना लावतात त्या पांढऱ्या पॉलिशची बाटली लेफच्या हातात दिली.

"तुझ्या त्या घोडीचा कुठला पाय पांढरा होता, तुलाच माहीत. रंगव."

"मेलेल्या घोडीचं तुम्हाला बरं आठवतं, क्रेकसाहेब."

"माझ्या चौदा चित्रपटांत आहे ती. तू किती चित्रपटांत आहेस?"

लेफ खाली बसला आणि त्यानं बस्टरचा पुढचा उजवा पाय रंगवला. तो सगळं ओळखून होता. पाठलागात घोड्याचा उजवा पाय पांढरा, पडताना डावा, हे शेंबड्या पोरालाही दिसलं असतं. आणि तुकडा आरशातल्यासारखा उलटा लावावा तर हिरोचं पिस्तूल डाव्या कमरेला गेलं असतं. क्रेकपुढे तुकडा फेकण्याखेरीज मार्ग राहणार नव्हता. दोन दिवस खडकांमध्ये पाठलाग चित्रित झाला आणि कुणाच्या काही लक्षात आलं नाही. लेफ त्या दोन दिवसांत चक्क शिट्टी वाजवत होता. कपडेवाली ऑर्फा म्हणालीसुद्धा, "आज क्रेकची गाडी दरीत गेली की काय?"

तिसऱ्या दिवशी सकाळी क्रेक आला तो दोन दिवसांचं चित्रण रात्री पाहूनच. तो ओरडला नाही. त्यानं सगळ्यांना कॉफीच्या टेबलाशी बोलावलं.

"पाय चुकलाय," तो म्हणाला. "जुना तुकडा आता बसत नाही. नाहीतरी ओरखडे पडून त्याची वाट लागलीच होती. उद्या नदीवर जाऊ. या नव्या घोड्याला तार लावू आणि ताजं पडणं घेऊ. खुंटा आज संध्याकाळीच पुरून ठेवा."

लेफनं मागे वळून पाहिलं. बस्टर गाडीच्या चाकाशी बांधलेला होता आणि ऑर्फाच्या टोपलीतलं गाजर चोरत होता. लेफला हे सुचलंच नव्हतं. सहा वर्षं तो त्या तुकड्याला शिव्या देत होता, आणि त्या तुकड्यामुळेच सहा वर्षं क्रेकनं दुसऱ्या घोड्याला तार लावली नव्हती.

"मी पुन्हा रंगवतो," तो म्हणाला. "डावा. पाठलाग परत घ्या. धावपळ केली तर एका दिवसात उरकेल. मी फुकट करतो."

"तू मुद्दाम केलंस," क्रेक म्हणाला.

लेफनं हातातला कॉफीचा कप टेबलावर ठेवला.

"मुद्दाम केलं असशील तर उद्या तार. म्हातारपणानं चुकलं असेल तर गोष्ट वेगळी. म्हाताऱ्याला डावं-उजवं कळेनासं झालं, मी समजू शकतो. सांग की सगळ्यांना."

वीस-पंचवीस माणसं होती. सगळी औषधाच्या दुकानासमोरची, लेफबरोबर कुरणात राहिलेली. कुणी वर पाहत नव्हतं. घोड्याच्या बाबतीत लेफ पर्डम चुकला, असं त्यांतल्या एकानंही आयुष्यात ऐकलं नव्हतं. एवढीच त्याची अब्रू उरली होती.

"चुकलं," लेफ म्हणाला. "मला आता डावं-उजवं कळत नाही."

"मोठ्यानं."

त्यानं मोठ्यानं सांगितलं. क्रेक हसला. "बरंय. जुनाच तुकडा वापरू. तुझी घोडी पडते झकास, हे मात्र मानलं पाहिजे."

लेफनं मूठ वळली आणि ती खिशात घातली. मग ओलं फडकं घेऊन तो बस्टरच्या पायाशी बसला. उजवा पाय घासून घासून तांबडा केला आणि डाव्यावर पॉलिश चढवू लागला. टॅन्सीचा पांढरा रंग गुडघ्याशी बाहेरच्या अंगाला किंचित वर चढलेला होता. कुणी सांगितलं नव्हतं, तरी तोही त्यानं तसाच काढला.

ऑर्फा सदरा घेऊन जवळ येऊन उभी राहिली.

"लेफ, मुद्दामच केलं होतंस ना?"

"हो."

"मग आता एवढं नीट कशाला रंगवतोयस?"

"जरा जरी चुकलं ना, तरी याला तार लावतील," लेफ म्हणाला. "तिला पडू दे. दर शनिवारी पडू दे."

घोड्यानं पाय उचलला. लेफनं तो हळूच खाली ठेवला आणि रंग वाळेपर्यंत गुडघ्याच्या वर हातानं धरून बसला.