घरातले बूट

आमच्या स्वयंपाकघरापासून बाहेरच्या खोलीपर्यंत, भिंतीवर कमरेच्या उंचीला एक काळपट पट्टा गेला आहे. माझी धाकटी बहीण भिंत धरून चालायची, तिच्या तळहाताचा तो डाग. ती गेली, आणि तिच्या वर्षश्राद्धाच्या आधी घराला रंग द्यायचा ठरला, तेव्हा आईने रंगाऱ्याला तेवढी भिंत सोडायला सांगितली.

"अर्धवट रंगवलेलं घर बरं दिसतं व्हय?" आत्या म्हणाली. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी आली आणि तेव्हापासून आमचं घर तिच्याच शब्दावर चालत आलं. आई तिला उलटून बोलल्याचं मला आठवत नाही.

बहिणीला सेरेब्रल पाल्सी होती. जन्मताना मेंदूला इजा झालेली. डोकं लख्ख, जीभ त्याहून तिखट. पण पोटऱ्या कायम ताठ, त्यामुळे टाचा जमिनीला टेकत नसत. चवड्यांवर तोल सावरत ती चालायची. तिला हवं होतं ते फार मोठं नव्हतं. पाहुणे आले की चहाचा ट्रे आपण बाहेर न्यायचा. चुलत बहिणी नेत, ती स्वयंपाकघराच्या दारातून बघत राही. ट्रेला दोन हात लागतात, आणि तिचा एक हात सदा भिंतीला.

ती प्राथमिक शाळेत असताना आई आम्हा दोघांना घेऊन इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून बारामतीला गेली. तिथे पायांच्या आधाराच्या स्प्लिंट बनवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी बहिणीच्या पायांना ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचे घेतले. "दादा, पाय गरम व्हाय लागलाय. भाकरीगत भाजत्यात का काय!" असं म्हणून ती खिदळली, आणि बाईंनी तिला हलू नको म्हणून दटावलं. पुढच्या खेपेला पांढऱ्या प्लास्टिकच्या स्प्लिंट तयार होत्या, गुडघ्याच्या जरा खालपर्यंत येणाऱ्या. त्या बांधल्या, वर बूट चढवले आणि बहीण उभी राहिली. टाच टेकवून. दवाखान्याच्या व्हरांड्यात ती काहीही न धरता चालली. आई तिच्या तोंडाकडे पाहतच नव्हती, नुसती पावलांकडे पाहत होती.

बाईंनी सगळं समजावून सांगितलं. यानं मेंदूची इजा जात नाही. पण घोटा सरळ धरून ठेवला तर पोटरी आखडायला अटकाव होतो, पाऊल पुरतं टेकतं, तोल राहतो. मुलगी वाढेल तशी स्प्लिंट बदलायची. कातडीवर लाल वळ राहिला तर घेऊन यायचं. "आणि ही बाहेर जातानाच घालायची वस्तू नाही. दिवसाचा बराच वेळ पायात हवी. घरातसुद्धा, बुटासकट. नुसतं प्लास्टिक फरशीवर घसरतं."

आमच्याकडे पायताण दारात उतरतं. पायरीजवळ चपलांची फळी आहे. पाहुणा असो, वडील असोत, कारखान्याचा साहेब असो, जो तो तिथे चपला काढून आत येतो. तसं ते सगळ्याच घरांत असतं. आमच्या घरात आत्या असल्यामुळे त्यात सवलत नव्हती.

"वन्सं, डॉक्टरांनी सांगितलंय," आई म्हणाली.

"डाक्टरीन तिच्या घरात काय बी करंल. हितं देव्हारा हाय."

आईने एक वाट काढून पाहिली. घरात घालायला म्हणून वेगळे, कोरे बूट आणले. मातीला न लागलेले. आत्याने ते उलटेपालटे करून पाहिले. "नवं असलं म्हणून काय त्येचा देव झाला? पायताण ती पायताणच." वडील पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

त्यामुळे बहीण शाळेत ताठ चालायची आणि घरी आली की पायरीवर बसायची. चर्र आवाज करत पट्टे सुटायचे, स्प्लिंट चपलांच्या फळीवर जायच्या, आणि ती आत येऊन भिंत धरायची. शाळा तेवढा वेळ. बाकी सगळं आयुष्य घरातच. पुढे शाळाही संपली.

मग आत्याची टाच दुखायला लागली. भिगवणच्या डॉक्टरांनी तिला अनवाणी फरशीवर चालायचं नाही असं बजावलं. मऊ चपला आल्या. त्या घालून आत्या चपचप करत स्वयंपाकघरात हिंडू लागली, देव्हाऱ्यापुढेही. कुणी काही म्हटलं नाही. बहिणीने म्हटलं.

"आत्या, तुमच्या चपला लई सोवळ्याच्या दिसत्यात."

"टाच ठणकती बाय माजी. तुला काय कळायचं त्यातलं."

"व्हय. मला टाचंचं काय कळणार? माजी कदी टेकलीच न्हाय."

त्याच दुपारी तिने आईला स्प्लिंट आत आणायला लावल्या. आता त्यांना अडवायला कुणाला तोंड नव्हतं. पण पाय बसेना. टाच तळापासून वर उचललेली राही. पट्टा ओढून लावला की कातडी लालभडक होई. बारामतीच्या बाईंनी पाहिलं, घोटा वाकवून पाहिला, आणि सांगितलं की पोटरी पुरती आखडली आहे, आता आधी ऑपरेशन, मग नवी स्प्लिंट. वडील म्हणाले, बघू. घरी आल्यावर बहीण आईला म्हणाली, "ठेव ती बाहेर. तिला सवय हाय."

ती न्यूमोनियाने गेली. स्प्लिंट घातली असती तर ती जगली असती असं मी म्हणत नाही. पण भेटायला आलेल्यांना आत्या सांगत होती, "लई केलं पोरीचं. बारामतीची डाक्टरीन केली, बूट केलं, काय बाकी ठेवलं न्हाय." ऐकणारे माना हलवत होते. चहाचा ट्रे चुलत बहीण फिरवत होती. मी त्या भिंतीला टेकून बसलो होतो.

रंगासाठी माळा रिकामा केला तेव्हा ते घरातले बूट निघाले. खोक्यात, कागदात गुंडाळलेले. तळव्यावरची नक्षी जशीच्या तशी. आत्याने एक बूट हातात घेऊन फुंकर मारली.

"नवंच हायेत की. कुणाच्या तरी पोरीला देऊन टाक. वाया कशाला?"

आईने तिच्या हातातून बूट घेतला आणि खोक्यात ठेवला.

"देते. पर आधी इचारीन," ती म्हणाली, "घरात घालू देत्यात का म्हणून."

आत्या मग चपला वाजवत आत गेली.